शेवट बाहेर आल्यावर

४ फेब्रुवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस हे एका परीनं बरंच आहे. उचलला असतास तर मी काहीतरी विनोद केला असता, तू हसली नसतीस आणि प्रकरण आणखी चिघळलं असतं. पत्रात निदान तुझं न हसणं मला ऐकू येत नाही.

भाचीनं कळवलं की तू तिच्याकडे मजेत आहेस. तिच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे तू तुझ्या सोयीनं लावलेस आणि जावईबापूंना आता मीठ सापडत नाही. म्हणजे गुडघा बरा आहे.

एका कामासाठी लिहितोय. इथल्या व्यापारी मंडळानं मला भाषणाला बोलावलंय. विषय बघ: ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपला धंदा: सिनेमाकडून काय शिकावं?’ सिनेमा हा शब्द घातल्याशिवाय खुर्च्या भरत नाहीत, असं अध्यक्षांचं मत. मीच का, तर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा फोन कॉम्प्युटरनं उचलायची व्यवस्था शहरात पहिल्यांदा मी केली. अध्यक्ष म्हणाले, “शिवाय तुम्ही तर थिएटरच्या मागंच वाढलात की.”

मी म्हटलं, “मागंच. तीच तर अडचण आहे.”

तुला ठाऊक आहे, त्यांना नाही. आपल्या खोलीची एक भिंत थिएटरची होती. मी त्या काळातला प्रत्येक सिनेमा ऐकलाय आणि एकही पाहिलेला नाही. तू मशीनवाल्याला चहा नेऊन द्यायचीस म्हणून तुला आत सोडायचे. मी बडबड्या, म्हणून मी बाहेर. हिरोची चप्पल कशी वाजते हे मी आजही सांगेन, हिरो दिसायचा कसा ते तुलाच विचारावं लागेल. माझे कान तयार झाले ते तिथं. मोटर कुरकुरली की पुढच्या महिन्यात कुठलं बेअरिंग जाणार हे मी तळमजल्यावरून सांगतो, लोकांना जादू वाटते. ती त्या भिंतीची कमाई आहे. तू मला कानसेन म्हणायचीस ते काही उगाच नाही.

तर भाषणाला मुद्दे हवेत. पहिला मी काढलाय: डबल रोल. हुबेहूब दिसणारा माणूस घरात शिरतो. बाप फसतो, बायको फसते, फक्त कुत्रं भुंकतं. मी म्हणणार होतो, धंद्यात यंत्र आणाल तर ऑफिसात एक कुत्रं ठेवा. हशा मिळेल.

आता त्या दिवसाबद्दल. लिहायचं नव्हतं, पण डबल रोलचा विषय काढला आणि ते टाळलं तर तू पत्र इथंच फाडशील.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्यावर मला वाटलं, आता ताईनं फोनवर बसू नये. पण लोकांना सवय तुझ्या आवाजाची. आपल्याकडे तुझे सगळे कॉल रेकॉर्ड होते. नवरदेवानं त्यातून तुझा आवाज तयार केला. (कॉम्प्युटर कंपनीचा तो माणूस. इस्त्रीचा कोट घालून येतो आणि मागं दोघं बॅगा धरून चालतात, म्हणून आपल्या मेकॅनिकनं, पानानं, त्याचं नाव नवरदेव ठेवलंय. पानाची नावं ठेवायची खोड अजून गेलेली नाही. स्वतःला कुणी पाना म्हणतं याचा सूड असावा.) मी म्हटलं, ताईला सांगायचं नाही, बरी होऊन आली की चकित करू.

तू चकित झालीस. पानानं डबा खाल्ला का हे विचारायला तू घरून फोन केलास आणि तुझाच आवाज तुला म्हणाला, “घाबरू नका. मी इथंच आहे.” मी नंतर ते रेकॉर्डिंग ऐकलं. तू फोन लगेच ठेवला नाहीस. बराच वेळ नुसती ऐकत होतीस. संध्याकाळी तू बॅग भरलीस.

मुद्दे सुचले तर भाचीकडून कळव. नाही सुचले तरी पत्र वाच.

तुझा धाकटा

१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही, म्हणजे परवानगी आहे असं धरून चालतो. माझ्या या स्वभावामुळंच आपलं फाटलं, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. तरी चालतोच.

दुसरा मुद्दा दिव्यातल्या नोकराचा. दिवा घासला की हजर होतो आणि सांगितलं ते अक्षरशः करतो. धन्याच्या मनातलं त्याला कळत नाही, तोंडातलं कळतं. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

आमच्या यंत्राचं तसंच आहे. पत्ता नीट विचारतं, जवळचा मेकॅनिक शोधून पाठवतं, तेही इतक्या झटपट की पाना म्हणतो, “ताई असताना निदान शेवटची पोळी संपवता यायची.” कौतुक करण्यासारखं आहे आणि मी करतो. एक गृहस्थ रस्त्यात भेटून म्हणाले, “ताईंचा आवाज हल्ली किती मोकळा झालाय.” मी ‘हो ना’ म्हणून पुढं सटकलो.

मोकळा झाला कारण नवरदेवानं कचरा काढला. त्याचा शब्द. रेकॉर्डिंगमधला तुझा खोकला, मधेच फोनवर हात ठेवून “अरे पाना, उठ की, तिकडं माणूस घामाघूम झालाय” हे ओरडणं आणि तुझं ते फुर्रकन चहा ओढणं, सगळं पुसून टाकलं. म्हणाला, “काका, अर्धा वेळ तर चहाच आहे.”

आता खरी गंमत. तू अडकलेल्या लोकांना सिनेमाच्या गोष्टी सांगायचीस, म्हणून यंत्रही सांगतं. परवा मी एक कॉल ऐकत बसलो. कुणी कॉलेजचा मुलगा अडकला होता. यंत्रानं तुझ्या आवाजात जहाजवाल्या मुलाचा सिनेमा काढला. मुलगा जहाजावर जातो, बऱ्याच वर्षांनी त्याच्यासारखाच दिसणारा भलताच माणूस त्याचे कपडे घालून घरी येतो, आई दारात उभी राहून त्याच्याकडे बघते.

तू तिथंच थांबायचीस. हा तुझा नियम: शेवट बाहेर आल्यावर. पाना दार उघडायचा आणि माणूस सुटायच्या आधी विचारायचा, “मग आईनं काय केलं?” तू म्हणायचीस, “घरी जा, पाणी प्या, मग मला घरच्या नंबरावर फोन करा.” लोक करायचे. बायकामुलांना भोवती बसवून करायचे. आपली निम्मी गिऱ्हाइकं त्या फोनांनी बांधलेली आहेत.

मला मात्र तू कधी सांगितला नाहीस. त्या सिनेमाच्या शेवटी कुणी बोलतच नाही. भिंतीपलीकडून मला फक्त बासरी ऐकू यायची, मग खुर्च्या आपटायच्या आणि लोक बाहेर पडायचे. मी दर वेळी विचारायचो आणि तू म्हणायचीस, “शेवट आत बसलेल्यांसाठी असतो. तू आत कुठं होतास, बाहेर यायला?”

तर यंत्र थांबलं नाही. त्यानं शेवट सांगितला. आई त्या माणसाला जवळ घेते, तेवढ्यात खरा मुलगा येतो, दोघांना ती शेजारी शेजारी बसवून जेवायला वाढते. ऐकता ऐकता मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. सगळं आयुष्य गेलं आणि आज कळलं, असं वाटलं.

मग डोकं चाललं. याला कुठून कळलं? शेवटाचे फोन तुझ्या घरी यायचे, ते रेकॉर्ड होतच नव्हते. नवरदेवाला विचारलं. तो म्हणाला, “काका, त्याला शेवट मिळाला नाही, म्हणून त्यानं लावला.”

“लावला म्हणजे?”

“म्हणजे... बसेल असा.”

तो शेवट बरोबर आहे का गं? राहू दे, सांगू नकोस. मी ते तसंच चालू ठेवलंय. खोटा शेवट ऐकून कुणाचं काय बिघडतंय?

तुझा धाकटा

२१ फेब्रुवारी

ताई,

बिघडलं. पेपरात येणार नाही, पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

बाजारातल्या त्या पिवळ्या इमारतीत दातांची डॉक्टरीण आहे ना, जी तुला कमी साखर घालायला सांगायची, ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये अडकली. वीज गेलेली. यंत्रानं पत्ता घेतला, पानाला धाडलं, सगळं चोख. मग गोष्ट सुरू केली आणि शेवटासकट संपवूनही टाकली. पाना अजून वाटेतच होता. गोष्ट संपल्यावर यंत्र म्हणालं, “आणखी काही मदत हवी आहे का?” आणि गप्प बसलं. डॉक्टरीणबाईंनी अंधारात दार हातानं ओढून फाकवलं आणि फटीतून खालच्या मजल्यावर उडी मारली. घोटा मोडलाय. लिफ्ट तेव्हा हलली असती तर काय झालं असतं, ते मी तुला लिहीत नाही. तू या धंद्यात माझ्याइतकीच आहेस.

मी दवाखान्यात गेलो. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, “तुमच्या ताई फार छान बोलल्या. एवढ्या छान बोलल्या ना, की मला भीती वाटली.”

“छान बोलल्याची भीती?”

“वाईट बातमी द्यायची असली की मीसुद्धा पेशंटशी असंच बोलते. घासून पुसून. मागच्या वेळी अडकले होते तेव्हा ताई चहा पीत होत्या. मी मनात म्हटलं, या बाई चहा पितायत म्हणजे माझी मरायची वेळ काही आलेली नाही. या वेळी चहा नव्हता. म्हटलं, काहीतरी गंभीर आहे. आणि मग त्या एकदम गप्पच झाल्या.”

मी त्यांना सांगितलं की त्या ताई नव्हत्या. त्यांनी प्लास्टरवरची चादर ओढून घेतली. मग म्हणाल्या, “मी त्यांना ‘आभारी आहे ताई’ म्हटलं होतं, गोष्ट संपल्यावर.” त्यांना घोट्यापेक्षा ते लागलेलं दिसलं.

कान माझे, आणि हे मला ऐकू आलं नाही. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी त्या चहाच्या आवाजावर वैतागलो. नवरदेवाला कचरा काढ म्हणणाराही मीच, त्याचा दोष नाही. तुझं जे ऐकून लोक शांत व्हायचे, नेमकं तेच आम्ही उपसून टाकलं आणि गोड आवाज तेवढा ठेवला.

तुझा आवाज त्याच दिवशी बंद करायला लावला. नवरदेव म्हणाला, “पुसला.” पण हाच गडी ‘लावला’सुद्धा म्हणाला होता, त्यामुळं मी त्याच्याकडून ते लिहून घेतलंय.

आणि पत्रच का लिहितो, त्याचं खरं कारण हे: तुझा आवाज मी तुला न विचारता इतका वापरला की आता फोनवर तो फुकट ऐकायचा धीर होत नाही.

तुझा धाकटा

१ मार्च

ताई,

व्यवस्था बदलली, ती कळवतो. आवडली नाही तर भाचीच्या डब्यांवर राग काढ, तिला सवय झाली असेल.

बटण दाबलं की आधी यंत्रच बोलतं, पण यंत्राच्याच आवाजात. पहिलंच वाक्य: “मी यंत्र आहे, मेकॅनिकला निरोप देतोय, आता तुमच्याशी माणूस बोलेल.” नवरदेवाला हे फार कोरडं वाटलं. मी म्हटलं, कोरडं असू दे, ओल्यावरूनच माणूस घसरतो. पुढं फोन माणसाकडे जातो. पानाची बायको आहे, निवृत्त झालेल्या एक कंडक्टरबाई आहेत. कंडक्टरबाई छान बोलतात, फक्त मधूनच “पुढं सरका, पुढं सरका” म्हणतात आणि लिफ्टमधला माणूस खरंच सरकतो. पानाच्या बायकोला सिनेमे येत नाहीत. ती शेजाऱ्यांच्या भानगडी सांगते. त्या जास्त चालतात असं दिसतंय.

दोघींनाही तुझा नियम सांगितला. शेवट बाहेर आल्यावर. आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.

या पत्राबरोबर भाचीकडे एक फोन पाठवलाय. तो आपल्या लाईनला जोडलेला आहे, पण बंद आहे. मी तो चालू करणार नाही आणि मला करताही येत नाही, तशीच सोय करून घेतलीये. तू चालू केलास तर अडकलेल्या माणसाचा फोन तुझ्याकडेही येऊ शकेल, तिथं बसल्या बसल्या. नाही केलास तर खिडकीच्या तावदानाला टेकू म्हणून वापर. या वेळी विचारतोय. तुझ्याच शब्दांत सांगायचं तर, उशिरा का होईना, अक्कल आली.

भाषण पुढच्या आठवड्यात आहे. डबल रोल आणि दिवा दोन्ही मुद्दे काढून टाकले. आता कागद कोरा आहे आणि कोट इस्त्रीचा. नवरदेव व्हायला एवढंच लागतं.

तुझा धाकटा

९ मार्च

ताई,

काल तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूला लिफ्टच्या पेटीत काय चाललं होतं ते माहीत नाही, म्हणून लिहितो.

व्यापारी मंडळाचा हॉल चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आपल्याच देखभालीतली. शिरतानाच मला मोटरचा आवाज आवडला नव्हता, पण अध्यक्ष वर वाट बघत होते आणि मला जिन्यानं धापा टाकत जायचं नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या वर गेली आणि बसली. लिफ्टवाला लिफ्टमध्ये, ते पण लिफ्टच्या यंत्राबद्दल भाषण द्यायला जाताना. पाना हे मरेपर्यंत सांगत फिरणार.

बटण दाबलं. यंत्र म्हणालं, मी यंत्र आहे. पत्ता दिला. खट्ट झालं. आणि मग तू म्हणालीस, “घाबरू नका. मी इथंच आहे.”

आनंद बाजूलाच राहिला.  मला वाटलं, नवरदेवानं पुसलाच नाही. आवाज तोच, वाक्य तेच. मी लिहून घेतलेला कागद कोटाच्या खिशात होता आणि त्या कागदाचा मला काहीएक उपयोग नव्हता. मी नाव सांगितलं नाही. घसा खरवडून, परक्या माणसासारखं म्हटलं, “बाई, जरा बोलत राहा, अंधार आहे.” पारखायचं होतं. सिनेमात तोतया ओळखायला कुत्रं असतं. इथं मीच कुत्रं.

तू म्हणालीस, “एका मुलाची गोष्ट सांगते. तो जहाजावर जातो.”

नेमका तोच सिनेमा. माझा संशय वाढला. यंत्रानंही हाच काढला असता. तू सांगत गेलीस आणि मी आयुष्यात कुठली मोटर ऐकली नसेल इतके कान देऊन ऐकत राहिलो. कपडे, दार, आई. खोकला नाही. पानाला शिवी नाही, पाना तुझ्यासमोर कुठला. आई दारात उभी राहून त्या माणसाकडे बघते, इथपर्यंत आलीस आणि थांबलीस. मी मनात म्हटलं, आता शेवट सांगितलास की गेलीस. मग तू मशीन आहेस.

तेवढ्यात फुर्रकन आवाज आला.

ताई, मी इस्त्रीच्या कोटासकट लिफ्टच्या फरशीवर बसलो. तू दुसरा घोट घेतलास, तिसरा घेतलास. चौथ्याला वाटतं चहा गरम होता, तू “स्स” केलंस.  

मग पानानं दार उघडलं, वरून उजेड आला. मी परक्या आवाजातच विचारलं, “मग आईनं काय केलं, बाई?”

तू म्हणालीस, “आधी बाहेर ये. आणि वाकून ये, थिएटरच्या मागच्या दाराला आपटायचास तसं डोकं आपटशील.” आणि फोन ठेवलास.

तू कधी ओळखलंस ते मी विचारणार नाही. पहिल्याच वाक्याला ओळखलं असशील आणि तरी मला पारखू दिलंस, असा माझा अंदाज आहे.

डोकं आपटलंच. भाषण टेंगळासकट झालं. मी चहाची गोष्ट सांगितली, डॉक्टरीणबाईंची सांगितली, नाव न घेता. एकानं विचारलं, “मग यंत्र घ्यावं की नको, ते एका वाक्यात सांगा.” मी म्हटलं, “घ्या. मेकॅनिक धाडायला त्याच्यासारखं कुणी नाही. पण ते आणताना घरातून काय उचलून बाहेर टाकताय ते आधी ऐका. आणि ज्याचा आवाज घ्याल, त्याला विचारून घ्या.” शेवटी मी त्यांना जहाजवाला सिनेमा सांगितला. आई दारात उभी राहिली आणि मी खाली बसलो. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “पुढं?” मी म्हटलं, “मला माहीत नाही. मी भिंतीच्या पलीकडे होतो.” लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

मी आत होतो ताई, या वेळी. पेटीत, अंधारात, दार बंद. आणि बाहेरही आलो. तुझ्या नियमात मी आता बसतो.

तेव्हा विचारतो. उद्या संध्याकाळी फोन करू का? भाचीच्या घरच्या नंबरावर, रेकॉर्ड होत नाही तिथं. नको असेल तर भाचीला सांग, मी पत्रं लिहीत राहीन. हो असेल तर काही कळवू नकोस. फक्त चहा करून घेऊन बस.

तुझा कानसेन